बर्फयंत्रातील क्षारांचे पूट

ओट्यावर ठेवावयाच्या लहान बर्फयंत्रात धातूच्या बोटांसारख्या नळ्या पाण्यात बुडतात व थंड होतात. त्यांच्याभोवती प्रथम गोठते ते जवळजवळ शुद्ध पाणी. क्षार मागे राहतात. तेच पाणी पुनःपुन्हा वापरले जात असल्याने ते अधिकाधिक जड होते आणि अखेरीस नळ्यांवर कॅल्शियम कार्बोनेटाचे पांढरे पूट चढते. भारतीय मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठिनता ग्राह्य असून, अन्य पाणी नसल्यास ६०० पर्यंत चालते. विहिरीच्या जड पाण्यावर चालणारे यंत्र म्हणूनच लवकर पांढरे पडते.

हे पूट खरवडू नये; धातूवरील मुलामा जाण्याचा संभव असतो. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून तो द्रव टाकीत घालावा व यंत्राचे धुण्याचे चक्र चालवावे. बुडबुडे दिसतात ते कार्बन डाय-ऑक्साइडचे. द्रव रात्रभर मात्र ठेवू नये. अम्ल धातूलाही सोडीत नाही. मग स्वच्छ पाण्याने तीनदा धुवावे व पहिला बर्फ टाकून द्यावा.

गोठण्याने सर्व जंतू मरतात, ही समजूत चुकीची आहे. म्हणून कोणी ब्लीचिंगचे पाणीही घालतात. ते अम्लात कदापि मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.