बागेच्या वहीविषयी

चि. बाळास,

निर्यातीच्या नोंदणीपायी कृषी खात्याच्या कचेरीत घालावे लागलेले हेलपाटे आणि फवारणीच्या वहीविषयीचा तुझा उद्वेग वाचून हसू आले; कारण हेच शब्द, किंबहुना याहून कडवट, मीही एके काळी उच्चारले होते. तुझ्या आजोबांनी सातबाऱ्याचा उतारा जिवापाड जपला, आणि त्यांच्या नातवाने ग्रेपनेट या निर्यात-नोंदणीतील आपल्या द्राक्षबागेच्या क्रमांकाला कागदी उपद्व्याप म्हणावे, ही मौजच!

२०१० साली तू शाळेत होतास. खरड छाटणीनंतर फुटींचा जोर आवरण्यासाठी आम्ही क्लोरमेक्वाट मारीत असू; त्याला विष मानण्याची कोणाची तयारीच नसल्यामुळे वहीत त्याची नोंद करण्याचा प्रश्न उद्भवला नाही, आणि तपासणीच्या यादीतही ते तेव्हा नव्हते. युरोपात मात्र किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे त्याचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. निर्यातदाराने विचारले, कोणत्या तुकड्यात, कोणत्या तारखेस, किती? ओढ्याकडच्या तुकड्यात मी ते मारलेच नव्हते, अशी माझी आजही समजूत आहे. परंतु समजुतीला पुरावा कोण म्हणतो? दोन्ही तुकड्यांचा माल एकाच मातीमोल भावाने गेला.

म्हणून वही तपासनिसाच्या धाकाने, तो यायच्या आदल्या रात्री एकाच शाईने भरू नकोस. पंप धुऊन ठेवलास की त्याच सांजेस लिही, आणि डाऊनी रोगाच्या भयाने मात्रा वाढवली असेल तर तेही लिही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी भिंतीवर लाव. फवारणी आणि काढणी यांमधले दिवस तीवरून मोज, दुकानदाराच्या तोंडी हवाल्यावरून नव्हे. नमुना प्रयोगशाळेत गेल्यावर भुरी दिसली म्हणून गुपचूप एक हात मारण्याचा मोह अनेकांना होतो. पेटीवरचा संकेत थेट आपल्या बांधापर्यंत येतो, हे तेव्हा स्मरावे.

गाऱ्हाण्याला जागाच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. परदेशच्या गिऱ्हाइकासाठी एवढा खटाटोप, आणि बागेत येणारा आपला व्यापारी वही कधी मागत नाही. वास्तविक तीच द्राक्षे आपल्या घरची पोरे वेलीवरून तोडून, न धुता खातात. तेव्हा स्थानिक बाजाराच्या तुकड्याचीही नोंद ठेवावीस, अशी माझी इच्छा आहे.

माझी २०११ची वही सोबत पाठवीत आहे. अक्षर वाईट आहे आणि मधली काही पाने अवकाळी पावसात भिजली आहेत, तरी तारखा लागतात. वहिनींस सा. नमस्कार.

तुझा काका