‘चेंज’ : पैशाच्या व्यवहारातील एक इंग्रजी शब्द

पाचवीच्या वर्गात ‘चेंज’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला असता मुले ‘बदल’ असे उत्तर देतात. उत्तर चूक नाही. परंतु तीच मुले सिल्लोडच्या अगर पैठणच्या बाजारात दुकानदाराच्या तोंडून ‘चेंज नाही’ हे वाक्य ऐकतात, तेव्हा तेथे बदलाचा संबंध काय, हे त्यांस सांगता येत नाही.

पैशाच्या व्यवहारात या शब्दाचे दोन अर्थ होतात. शंभराची नोट देऊन तेवढ्याच किमतीच्या लहान नोटा व नाणी घेतली, तर ती ‘चेंज’. त्रेसष्ट रुपयांच्या मालासाठी शंभराची नोट दिली व सदतीस रुपये परत आले, तर तीही ‘चेंज’. पहिल्या व्यवहारात रक्कम कायम राहून केवळ तिचे रूप पालटते. दुसऱ्यात मालाची किंमत वजा होते. मराठीत पहिलीस मोड, सुटे, खुर्दा अशी नावे आहेत. मराठवाड्यात चिल्लर हा शब्द अधिक रुळलेला असून तो तेलुगू व कन्नड भाषांतही आहे. दुसरीस मात्र आपण नुसते ‘उरलेले पैसे’ म्हणतो. इंग्रजीत नोट बदलतात, मराठीत ती मोडतात, आणि न मोडलेला तो बंदा रुपया, ही गंमत मुलांस अवश्य सांगावी. या अर्थी इंग्रजी शब्दाचे अनेकवचन होत नाही. ‘चेंजेस’ म्हटले की पैसे जाऊन फेरफार उरतात.

चलनच बदलण्याचा अनुभव या जिल्ह्यास नवा नाही. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले, तर शेजारच्या ब्रिटिश मुलखात कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा सर्वसाधारण भाव असे. औरंगाबादहून रेल्वेने मनमाडास उतरणारा मनुष्य परमुलखात पाऊल ठेवीत असे, आणि तेथील बाजारासाठी त्यास कलदार लागे. अशा अदलाबदलीत जी घट सोसावी लागे तिचे नाव बट्टा. नावाला लागतो तोही बट्टाच. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर हाली नाणे क्रमाने मागे पडले. तथापि ३५ हालींचे कलदार किती, हे उदाहरण त्रैराशिकासाठी आजही उत्तम आहे. गावातील एखाद्या वृद्धाकडे जुने नाणे असल्यास ते वर्गात आणवावे. नाण्यावर चारमिनार दिसताच मुलांचे लक्ष आपोआप वेधले जाते.

पुढे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली व आणे-पैचा हिशेब संपला. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे व त्याहून लहान नाणी चलनातून गेली. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे व हजाराच्या नोटा रद्द होऊन दोन हजारांची नोट आली, तेव्हा ती मोडून मिळणे किती कठीण झाले होते, हे पालकांस स्मरत असेल. आता पुष्कळ देणी मोबाइलवरून अचूक रकमेची होतात. तेथे उरलेले पैसे हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि म्हणूनच ते मोजण्याचा सराव मुलांस घरी कमी मिळतो. एखाद-दुसऱ्या रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवणारे दुकानदार मात्र आहेत. गोळी म्हणजे मोड नव्हे. ती नको असल्यास तसे सांगून रुपया मागता येतो, हे मुलास ठाऊक असले पाहिजे.

पाठ घेताना वजाबाकी फळ्यावर मांडण्यापूर्वी दुकानदाराची पुढे मोजण्याची रीत दाखवावी. त्रेसष्टात दोन मिळवून पासष्ट, पाच मिळवून सत्तर, दहा मिळवून ऐंशी, वीस मिळवून शंभर. हातात आले सदतीस. खोट्या नोटा पुठ्ठ्याच्या कराव्यात. एका मुलास दुकानदार व दुसऱ्यास गिऱ्हाईक करून ‘हॅव यू गॉट चेंज फॉर अ हंड्रेड?’ हा प्रश्न विचारवून घ्यावा. दुकानदार झालेल्या मुलाने मधूनमधून मुद्दाम पाच रुपये कमी द्यावेत, व ते गिऱ्हाइकाच्या ध्यानात येते की नाही, हे वर्गाने पाहावे.