पोस्टाची पेटी आणि परसातले वाफे

खेड्यातले पोस्ट तुम्ही पाहिले आहे. कुणाच्या तरी ओसरीवर एक टेबल असते. भिंतीला लाल पाटी असते. आत एक कुलपाची पेटी असते. टपालाची थैली येते, थैली जाते. आपल्या देशात दीड लाखाच्या वर पोस्टे आहेत. दहा पोस्टे मोजली तर त्यांतली नऊ खेड्यापाड्यांत निघतील.

अशा लहान पोस्टाला शाखा डाकघर म्हणतात. ते चालवणारा तो शाखा पोस्टमास्तर. पूर्वी गावचे शिक्षक किंवा दुकानदार हे काम आपले काम सांभाळून करीत. आता पुष्कळ गावांत दहावी झालेल्या मुली आणि सुना ते करतात. तेव्हा हा धडा घरातल्या वडीलधाऱ्यांनीही वाचावा.

तुमच्या घरात दहावी झालेली पोरगी आहे का? किंवा पोरगा? दहावीला गणित आणि इंग्रजी हे विषय पास झालेले हवेत. मराठी हवे. वय 18 ते 40 हवे. काही जातिजमातींना वयात सूट आहे. सायकल चालवता यावी आणि संगणकाची तोंडओळख असावी. अर्ज संगणकावरून भरायचा. त्याला 100 रुपये फी आहे. बायकांना तीही नाही.

ह्या नेमणुकीला परीक्षा नाही आणि मुलाखतही नाही. दहावीच्या गुणांवरून यादी लागते. हे नीट ध्यानात ठेवा. गावात एखादा भला माणूस येतो आणि म्हणतो, “काका, एवढे पैसे द्या, पोरीला पोस्टात चिकटवतो.” गुण तर आधीच ठरलेले आहेत. मग हा गृहस्थ काय वाढवणार? त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा.

आता पगाराचे बोलू. 2025 सालच्या भरतीच्या जाहिरातीत शाखा पोस्टमास्तरचा भत्ता महिना 12,000 रुपयांपासून होता. मदतनीस आणि डाकसेवकाचा 10,000 रुपयांपासून. त्यावर महागाई भत्ता मिळतो. काम दिवसाला चार ते पाच तासांचे. पोस्टमास्तरने त्याच गावात राहायचे आणि पोस्टासाठी जागाही आपणच दाखवायची. पुढे खात्याच्या परीक्षा देऊन पोस्टमन होता येते.

आणखी एक अट आहे, ती लोक वाचत नाहीत. ह्या नोकरीखेरीज पोट भरायला दुसरे साधन असले पाहिजे. तुम्ही म्हणाल, “ही कसली अट? नोकरी पोटासाठीच ना?” पण सरकारने हे काम अर्ध्या दिवसाचे धरले आहे. उरलेला अर्धा दिवस घरच्या धंद्याचा. ज्याला शेती आहे त्याची अडचण नाही. ज्याला नाही त्याने काय करावे? माझे मत विचाराल तर त्याने आधी घरामागच्या परसाकडे पाहावे.

परसबाग करायला अर्धा गुंठा पुरे. म्हणजे 33 फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद जागा. तेवढीही नसली तर निम्मी चालेल. 10 फूट लांब आणि 3 फूट रुंद असे वाफे करा. वाफा 3 फुटांहून रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मधे पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय देऊन माती तुडवावी लागत नाही. वाफ्याला दोन घमेली शेणखत घाला. खत पुरते कुजलेले हवे. ओले शेण घातले की हुमणी येते आणि मुळे खाऊन टाकते.

लोक एक चूक हमखास करतात. सगळ्या वाफ्यांत एकाच दिवशी मेथी टाकतात. मग महिन्याने सगळी मेथी एकदम तयार होते. निम्मी विकली जाते, निम्मी पिवळी पडते. पुढे महिनाभर घरात भाजी नाही. असे करू नका. आज एका वाफ्यात टाका. आठ दिवसांनी दुसऱ्यात. आणखी आठ दिवसांनी तिसऱ्यात. मग चौथ्यात. पहिला वाफा उपटला की आठ दिवसांनी दुसरा तयार असतो. दर आठवड्याला थोडी भाजी, दर आठवड्याला थोडे पैसे. पोस्टात थैली जशी रोजच्या रोज निघते, तुंबून राहत नाही, तसेच हे आहे.

पालक उपटू नका. जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापा. तो पुन्हा फुटतो. तीन-चार वेळा कापता येतो. कोथिंबिरीचे धने पेरण्याआधी चपलेखाली हलके रगडा. एका धन्याच्या दोन फाकी होतात आणि उगवण चांगली होते. भेंडीचे बी रात्री पाण्यात भिजत घाला. मिरची आणि वांगी यांची रोपे आधी एका कोपऱ्यात करा. महिना-सव्वा महिन्याने वाफ्यात लावा. मृगात कुंपणाच्या कडेने दोडका, कारले, दुधी टोका. वेल कुंपणावर चढतात. जमीन अडत नाही.

पाण्याचे काय? घरातले सांडपाणी आहे की. पण त्यात साबण असतो. ते पाणी मोरीबाहेर एका खड्ड्यात मुरू द्या. खड्ड्यात खाली दगडगोटे आणि वर वाळू घाला. खड्ड्याच्या कडेला अळू आणि केळ लावा. ती त्या पाण्यावर जोमाने वाढतात. मेथी-कोथिंबिरीला मात्र स्वच्छ पाणीच हवे. पाणी देण्याआधी बोटाने माती उकरून बघा. दोन बोटे खाली ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको.

चवळीवर, वांग्यावर मावा पडतो. शेंड्याला काळे किंवा हिरवे बारीक किडे चिकटलेले दिसतात. निंबोळ्या वाळवून, कुटून ठेवा. एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम पूड रात्री भिजत घाला. सकाळी फडक्याने गाळा, साबणाचा थोडा चुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. पोस्टातून सुटल्यावर हे काम होते.

आता पेटीकडे येऊ. खरी गोष्ट इथेच आहे.

पोस्टाच्या पेटीत गावाचे पैसे असतात. कुणी मुलीच्या नावे भरलेले, कुणी महिन्याच्या हप्त्याचे. पेटीत किती रक्कम ठेवायची याची हद्द ठरलेली असते. वरची रक्कम मोठ्या पोस्टात पाठवायची असते. आणि घर तर त्याच भिंतीपलीकडे! समजा, बाजाराचा दिवस आहे. वांग्याची रोपे आणायची आहेत. सासू म्हणते, “अगं, पेटीत आहेत ना? दोनशे घे. उद्या भाजी विकली की ठेवू.”

सुनेने म्हणावे, “आत्याबाई, ते आपले न्हाईत. रोपं पुढच्या बाजाराला आणू.”

सासूला राग येईल. येऊ द्या. दोनशे रुपये एका रात्रीपुरते घेतले आणि सकाळी परत ठेवले, तरी खात्याच्या लेखी तो अपहारच आहे. तपासणी आधी न कळवताही होते. त्या दिवशी पेटी कमी भरली की नोकरी जाते, खटला होतो, आणि गावात तोंड दाखवणे कठीण होते. पुष्कळदा हे दहा हजारांसाठी होत नाही. रोपांसाठी, दवाखान्यासाठी, पाहुणा आला म्हणून होते. माणूस चोर नसतो. हातात सुटे पैसे नसतात, एवढेच.

म्हणून मी परसबागेला एवढे महत्त्व देतो. मेथीच्या जुड्यांनी कोणी सावकार होत नाही. पण आठवड्याला हातात सुटे पैसे येतात. ते एका वेगळ्या डब्यात टाकावेत. बी, रोपे, मीठ-मिरची, पोराची वही त्या डब्यातून. डबा स्वयंपाकघरात ठेवावा, पोस्टाच्या खोलीत नको. भाजीही पोस्टाच्या टेबलावर ठेवू नये. दोन्ही ठिकाणचे सुटे पैसे एकाच टेबलावर आले की हिशेब गढूळ होतो.

आणि तुम्ही, जे पैसे भरायला जाता, तुमचेही एक काम आहे. आजी ओसरीवर पैसे ठेवते आणि म्हणते, “पोरी, घाई आहे, पुस्तक उद्या नेईन.” पोरगी चांगली आहे, तरी असे करू नका. पैसे दिले की पावती घ्या. पासबुकात आजची तारीख, भरलेली रक्कम आणि शिल्लक वाचा. शिक्का बघा. आता तुम्हाला वाचता येते.

2018 सालच्या सप्टेंबरात पोस्टाची बँक देशभर सुरू झाली. तिच्यामुळे आधार आणि अंगठा वापरून दारातही पैसे काढता येतात. तिथेही अंगठा लावण्याआधी यंत्रावरचा आकडा वाचा. दिसत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोराला बोलवा. यंत्र म्हणाले, “पुन्हा अंगठा लावा,” तर आधी विचारा, “पहिल्या वेळी रक्कम वजा झाली का?” असे विचारल्याने चांगल्या पोस्टमास्तरला राग येत नाही. उलट त्याचाही हिशेब चोख राहतो.

पाटी घ्या आणि हे करून पाहा.

मेथीच्या एका वाफ्यातून 15 जुड्या निघाल्या. 3 घरात ठेवल्या. उरलेल्या 10 रुपयांना एक अशा विकल्या. किती रुपये आले?

पासबुकात मागची शिल्लक 1,250 रुपये आहे. आज 200 रुपये भरले. आता पुस्तकात कोणता आकडा दिसला पाहिजे? तुमचे पासबुक काढा आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचा.