अंध 'डेस्टिनी' आणि भविष्याच्या अनेक वाटा



चित्रकथा वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे बऱ्याच पालकांना वाटते. परंतु चांगल्या चित्रकथेत कधीकधी एखादा विचार असा सापडतो, की तो वर्गातल्या धड्याइतकाच उपयोगी पडावा. आज अशाच एका पात्राचा अभ्यास करू. तिचे नाव 'डेस्टिनी', म्हणजे नियती.

पात्राचा परिचय

अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्सच्या 'एक्स-मेन' मालिकेत, जानेवारी १९८१ च्या १४१ व्या अंकात ही व्यक्तिरेखा प्रथम आली. लेखक क्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बायर्न. तिचे खरे नाव आयरीन अॅडलर. ती डोळ्यांनी पूर्ण अंध आहे. तिच्या सोनेरी मुखवट्याला डोळ्यांच्या जागी छिद्रेसुद्धा नाहीत. तरीही पुढे काय घडू शकेल हे तिला कळते.

'घडू शकेल' हा शब्द नीट लक्षात ठेवा. डेस्टिनीला एकच ठरलेले भविष्य दिसत नाही. आजच्या क्षणापासून फुटणाऱ्या अनेक वाटा तिला दिसतात आणि त्यांतली कोणती अधिक संभवनीय, हे ती सांगते. जवळचे स्पष्ट दिसते, दूरचे धूसर.

कथा काय सांगते?

१४१ आणि १४२ या दोन अंकांत मिळून एक कथा आहे. २०१३ साली अमेरिकेवर यंत्रमानवांची सत्ता आहे आणि वेगळ्या शक्ती घेऊन जन्मलेली माणसे छावण्यांत कोंडलेली आहेत. हे सारे १९८० मध्ये झालेल्या एका सिनेटरच्या खुनामुळे घडले, असे त्यांतल्या काहींना ठाऊक असते. म्हणून किटी नावाच्या स्त्रीचे मन मागे, तिच्याच तेरा वर्षांच्या देहात पाठवले जाते. ती सर्वांना सावध करते. शेवटी सिनेटरवर बाण रोखून कोण उभे असते? स्वतः डेस्टिनी! किटी ऐन वेळी आडवी येते, नेम चुकतो आणि सिनेटर वाचतो.

येथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. जिला अनेक वाटा दिसतात, तीच वाईट वाटेवर पहिले पाऊल टाकायला निघाली होती. म्हणजे दिसणे निराळे आणि शहाणपण निराळे. दुसरे, ती वाट अडवली कोणी? तुमच्याच वयाच्या एका मुलीने. अर्थात् संकट तेवढ्याने संपत नाही. कथेच्या शेवटी सरकार पुन्हा यंत्रमानव बनवण्याच्या मागे लागलेले दिसते. एकदा केलेला प्रयत्न पुरत नाही, तो चालू ठेवावा लागतो.

आपल्याकडचा धृतराष्ट्र

अंधत्व आणि भविष्य यांची सांगड आपल्या महाभारतातही आहे. 'अमर चित्रकथा'च्या महाभारत मालिकेत दिलीप कदम यांनी काढलेला धृतराष्ट्र तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. दुर्योधन जन्मला तेव्हाच विदुराने इशारा दिला होता. पुढे युद्धापूर्वी व्यासांनी दिव्यदृष्टी देऊ केली, ती राजाने नाकारली आणि संजयाला मिळाली. संस्कृतात अंधास 'प्रज्ञाचक्षू' म्हणतात आणि महाभारतात हा शब्द धृतराष्ट्रालाच लावलेला आहे. डोळे नव्हते हा त्याचा दोष नव्हे. इशारे ऐकूनही वाट बदलली नाही, हा दोष.

हिंदीतील धर्मवीर भारती यांच्या 'अंधा युग' (१९५४) या नाटकात एक वृद्ध याचक आहे. त्याने कौरवांच्या विजयाचे भाकीत केले होते, ते खोटे ठरले. तेव्हा तो जे सांगतो त्याचा आशय असा: भविष्य आधी लिहून ठेवलेले नसते, माणसाचा निर्णय ते क्षणोक्षणी घडवत असतो.

एक गोष्ट येथे स्पष्ट करतो. अंध व्यक्तींना गूढ शक्ती असते हे फक्त कथेत. आपल्या बेळगावात माहेश्वरी अंधशाळा आहे. तेथील मुलांना चमत्कार नको असतो. त्यांना ब्रेलची पुस्तके हवीत, परीक्षेला चांगला लेखनिक हवा आणि तुमच्यासारखे मित्र हवेत.

वेदगंगेचे उदाहरण

२०१९ च्या ऑगस्टमध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळूर वाहतूक थांबली. पुराचा अंदाज कसा देतात ते पाहा. वर इतका पाऊस झाला, पाटगाव धरणातून इतके पाणी सोडले, तर नदी इथपर्यंत येईल. यात 'तर' फार महत्त्वाचा. समजा, इशारा ऐकून एका घराने जनावरे आणि धान्य माळावर हलवले, आणि पाणी उंबऱ्याच्या खालीच राहिले. लोक म्हणतील, अंदाज खोटा ठरला. पण पाणी आले असते, तर ते घर वाचलेच असते. इशारा नशीब सांगण्यासाठी नसतो, तयारी करण्यासाठी असतो.

हे आपल्याला कशासाठी?

सीमाभागातील मराठी शाळेतल्या मुलांना एक भविष्य फुकट ऐकायला मिळते. "मराठीत शिकून पुढे काय होणार? पी. यू. ला इंग्रजी झेपणार नाही, कन्नड येणार नाही." एखाद्या मुलीला तर "दहावी झाली की बास" असे आधीच सांगून ठेवतात. ही भाकिते निव्वळ खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. ती अनेक वाटांपैकी एक वाट दाखवतात. आठवी, नववी अशीच गेली, तर तीच वाट अधिक संभवनीय. परंतु रोज इंग्रजीचे एक पान मोठ्याने वाचले, बाजारात दुकानदाराशी धीर करून कन्नडमध्ये बोललात आणि ज्या भाषेत तुम्ही विचार करता ती मराठी पक्की ठेवलीत, तर दुसरी वाट उघडते. पालकांनाही विनंती, की मुलांना इशारा जरूर द्यावा, निकाल मात्र आधीच सुनावू नये.

स्वाध्याय

१. 'दिसणे' आणि 'शहाणपण' यांतील फरक डेस्टिनी व धृतराष्ट्र यांच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. तुमच्या गावात इशारा ऐकल्यामुळे टळलेले एखादे नुकसान घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
३. तुमच्याविषयी कोणी केलेले एक भाकीत वहीत लिहा. ते 'जर... तर...' या रूपात पुन्हा लिहा आणि 'जर' बदलण्यासाठी उद्यापासून काय करणार, तेही लिहा.