औषध घालण्याआधी पेशी बघ

बाळा, प्रयोगशाळेत शिरलीस की औषधाची बाटली नंतर, आधी फ्लास्क बघ. मिडियम लालसर असेल तर ठीक. पिवळं पडलं तर पेशींची दाटी तरी झाली किंवा जंतू तरी शिरले. जांभळट झालं तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर तपास. तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी गोल होऊन तरंगत असतील तर त्या दिवशी प्रयोग लावूच नकोस. आजारी पेशी कशानेही मरतात आणि श्रेय औषधाला जातं. पुढे त्या औषधावर एखादा रुग्ण आशा लावून बसतो, म्हणून एवढं बजावते.

ट्रिप्सिन घातल्यावर मायक्रोस्कोपवरून नजर हलवू नकोस. पेशींच्या कडा आक्रसतात, फ्लास्कला टिचकी मारली की त्या सुटतात. लगेच सीरमचं मिडियम घाल. उशीर झाला तर ट्रिप्सिन पेशीवरची प्रथिनंही तोडतं, आणि तुझं औषध कदाचित त्यांनाच धरणार असतं.

बाटलीवरच्या नावावर विसंबू नकोस. एमडीए-एमबी-४३५ या पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून जगभर वर्षानुवर्षं वापरल्या. निघाल्या त्वचेच्या मेलॅनोमाच्या. १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या हेला पेशी तर कित्येकांच्या फ्लास्कमध्ये घुसल्या. पेशी पुण्याच्या एनसीसीएससारख्या पेशी-पेढीतूनच मागव, डीएनएची ओळखचाचणी कर. मायकोप्लाझ्माची तपासणी नियमित हवी. त्याने मिडियम गढूळ होत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटतो.

औषध डीएमएसओत विरघळवलंस तर तेवढंच डीएमएसओ कंट्रोललाही घाल. प्लेटच्या कडेचे वेल (खळगे) लवकर सुकतात, त्यांत नुसतं बफर भर. आणि पेशींची वाढ मोजणारी एसआरबी चाचणी करताना औषध घालायच्या दिवशीच एक प्लेट थांबवून ठेव. ती नसेल तर औषधाने पेशी मारल्या की नुसती वाढ रोखली, हे कळायला मार्ग नाही.

कर्करोग संशोधक कमलताई रणदिवे यांनी १९६०च्या दशकात मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. इथला पावसाळा तेव्हाही होता, बुरशीही होती. ओली छत्री, डबा कल्चर रूमबाहेर. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं निर्जंतुक पाणी वेळच्या वेळी बदल. पावसात नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आलं की तू घरी विरारलाच अडकणार. तेव्हा जुलैत प्लेट लावण्याआधी प्रयोगशाळेजवळ खारघरला राहणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला सगळं वहीत लिहून दे. प्रत्येक पेशीच्या दोन-चार व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये हव्यातच. गोठवताना मिनिटाला एक अंश, सावकाश. वितळवताना मात्र ३७ अंशांच्या पाण्यात झटपट, आणि तेही शुक्रवारी नको, सुट्टीत त्यांच्याकडे बघायला कोणी नसतं.