लिंबूसत्त्व आणि जीवनसत्त्व

किराणा दुकानात लिंबूसत्त्वाचे पांढरे खडे मिळतात. नावात लिंबू आहे आणि सत्त्वही आहे. तेव्हा लिंबातील 'क' जीवनसत्त्व त्यात असणारच, असा समज आढळतो. माझे वसतिगृहातील काही मित्र याच भरवशावर फळांचे पैसे वाचवून त्याचे सरबत पितात. हा समज कितपत खरा आहे, ते पाहू.

'क' जीवनसत्त्व दीर्घकाळ न मिळाल्यास स्कर्व्ही होतो. हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत, उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. इ. स. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील डॉक्टराने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीस व्हिनेगर, एकीस सौम्य गंधकाम्ल, तर एकीस संत्री व लिंबू दिले. फळे खाणारे झपाट्याने सुधारले. नुसते आम्ल घेणाऱ्यांस तसा गुण आला नाही.

तरीही आंबटपणाच गुणकारी, ही समजूत पुढे शतकभर टिकली. १७८४ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल वेगळे केले. हेच आपले लिंबूसत्त्व. पण त्याने स्कर्व्ही बरा होत नाही. खरा पदार्थ सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये वेगळा केला व १९३२ मध्ये तोच 'क' जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध झाले. त्याचे नाव ॲस्कॉर्बिक आम्ल. दोन्ही रेणूंत कार्बनचे सहा व हायड्रोजनचे आठ अणू असतात. ऑक्सिजनचे सायट्रिकमध्ये सात, ॲस्कॉर्बिकमध्ये सहा. परंतु रचना निराळी, म्हणून कार्यही निराळे.

शिवाय आजचे बाजारी लिंबूसत्त्व बहुधा लिंबापासून होतच नाही. साखर किंवा मळीवर ॲस्परजिलस नायजर ही बुरशी वाढवून ते तयार करतात. म्हणूनच ते स्वस्त असते.

आपल्या हैदराबादेत, तारनाक्यास, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९५८ साली ती कुन्नूरहून येथे आली. तिच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक 'क' जीवनसत्त्व असते. आपल्या लाडक्या आंबट चिंचेत मात्र ते नाममात्रच. २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास रोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम लागते. म्हणजे एक मध्यम पेरू पुरे!

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने माल पारखून घ्यावा. सरबताच्या पाकिटावर ३३० हा आकडा असेल तर ते सायट्रिक आम्ल. ३०० असेल तर ॲस्कॉर्बिक. चवीसाठी लिंबूसत्त्व जरूर वापरावे, पण फळाचा पैसा त्यावर खर्चू नये.