मृगाच्या आधी दप्तर

डिंभे धरणाच्या पलीकडच्या वाड्यांवर माझी नोकरीची पहिली वर्षं गेली. पुढे बदली झाली ती जुन्नरच्या पूर्वेला, उसाच्या गावात. जिल्हा परिषद एकच, सुट्टी तीच, पुस्तकंही तीच. पण जूनमध्ये पोरं शाळेत परत येतात ती दोन्हीकडे वेगळ्या वाटेने. मे संपत आला की पालक विचारतात, "बाई, शाळेची काय काय तयारी करायची?" त्यांच्या मनात असते वह्यांची यादी. ते काम सगळ्यात सोपं. खरी तयारी घरातल्या कामांची, धाकाची आणि वाटेची असते.

१. आधी आवणीचा हिशोब करा.

विदर्भ सोडला तर राज्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. पश्चिम पट्ट्यात तेव्हा राब भाजून झालेले असतात, रोपं टाकायची घाई असते आणि त्यामागोमाग भाताची आवणी येते. आई-बाप खाचरात, म्हातारी गुरांमागे, मग धाकट्याला सांभाळायला कोण? चौथीतली ताई. तिची शाळा तिथेच बुडते, आणि कुणी दुष्टपणाने बुडवत नाही. घरात माणूसबळच तेवढं असतं.

यावर 'मुलीला शिकवा' असं भाषण देऊन काही होत नाही, हे मी पाहिलंय. उपयोग होतो तो दोन गोष्टींचा. धाकट्याचं नाव मेमध्येच अंगणवाडीत घाला, म्हणजे ताई मोकळी होते. आणि आवणीला सावड करता, तशी पोरं सांभाळायलाही करा. तीन घरांची तान्ही एका आजीपाशी बसू शकतात. आमच्या वाडीत बायकांनी हे आपापसात ठरवलं, शाळेला विचारलंही नाही. पाऊस आपल्या सोयीने येत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्या-मुंबईत पोचला आणि धूळवाफ्यावर रोपं टाकायचा बेत कित्येकांचा फसला. म्हणून हे बोलणं मृगावर ढकलू नका.

२. सुट्टीतलं काम शाळेत येऊ द्या.

पश्चिम पट्ट्यातल्या पोरांची सुट्टी म्हणजे बाळहिरडा. झाडावरून झोडायचा, वेचायचा, अंगणात वाळत घालायचा आणि व्यापाऱ्याला किलोवर विकायचा. जूनमध्ये पोरं येतात तेव्हा बोटांची पेरं काळपट झालेली असतात. एका वर्षी तिसरीतला एक मुलगा हात टेबलाखाली लपवून बसला होता. वहीवर डाग पडेल म्हणून नव्हे, आधीच्या गावात कुणीतरी 'घाण हात' म्हटलं होतं म्हणून. मी त्याला फळ्यापाशी बोलावून विचारलं, ओला हिरडा वाळला की किती उरतो? त्याने सुकवणीतली घट, तराजूतली मारामारी आणि बापाने धरलेला भाव असं सगळं घडाघडा सांगितलं. वर्गाचं त्या दिवसाचं गणित तिथूनच निघालं.

पालकांना माझं सांगणं एवढंच, की सुट्टीत पोराने काय काम केलं ते लपवायला शिकवू नका. हिरड्याच्या पट्टीवर वजन आणि रक्कम त्यालाच वाचायला लावा. एसटीची पाटी, लग्नपत्रिका, खताची गोणी, कुस्त्यांच्या आखाड्याचं पत्रक, जे हाताला येईल ते वाचून घ्या. नारायणगावला पाडव्याच्या आधीपासून तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि यात्रांच्या दिवसांत गावोगाव त्यांची पोस्टरं झळकतात. मी तीही वाचून घेते. एका गृहस्थांना ते फारसं रुचलं नव्हतं. पण त्यांच्या पोराला जोडाक्षरं तिथेच आली.

३. बाईंचा बागुलबुवा करू नका.

"थांब, शाळा उघडू दे, बाई बघतील तुझ्याकडे!" सुट्टीत पोरं ऐकेनाशी झाली की घरोघरी हे वाक्य निघतं. मग पहिल्या दिवशी मी हसून नाव विचारलं तरी ओठ शिवलेले. पहिला आठवडा मला ही भीती उतरवण्यात घालवावा लागतो आणि तो आठवडा वाचनातून वजा होतो. तुमची शिस्त तुम्ही लावा, माझी मी लावते.

४. पहिलीत जाणाऱ्याला 'अ आ इ ई' नको, बटण लावता येऊ द्या.

राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' नावाचे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. पहिला एप्रिलमध्ये, दुसरा शाळा उघडताना. या दोन मेळाव्यांमधल्या सुट्टीत मातांचे गट घरच्या घरी मुलांकडून छोटे खेळ करून घेतात. ज्या गावात बायका खरोखर एकत्र बसतात तिथे पहिलीचा वर्ग निराळाच दिसतो. फोटोपुरता गट असेल तर काही फरक नाही. भाकऱ्या मोजणं, मूग-मटकी वेगळी करणं, बापाचं पूर्ण नाव सांगणं, चड्डीचं बटण काढता-लावता येणं आणि 'मला शू लागली' हे न लाजता म्हणता येणं. एवढं आलं की मूल शाळेत टिकतं. अक्षरं माझ्यावर सोडा.

५. दाखले जूनमध्ये काढायला जाऊ नका.

जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा; सगळा तालुका एकाच महिन्यात सेतू केंद्राच्या दारात उभा असतो. एप्रिलमध्ये जा. मजुरीसाठी मंचर-नारायणगावकडे उतरणार असाल तर मुख्याध्यापकांकडून पोराचं शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवलं की तिथल्या शाळेत बसता येतं.

६. वाट पोराबरोबर एकदा चालून बघा.

पूर्वेकडे प्रश्न बिबट्याचा. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने ऊस आला आणि उसात बिबट्याची पिढ्यान् पिढ्या वीण होऊ लागली. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरूनच काय ते समजावं. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला लहान मुलांचे बळी गेले, तेव्हापासून आमच्याकडे पालकांची झोप उडालेली आहे. शाळेत आम्ही सांगतो तेच घरी सांगा. एकट्याने निघायचं नाही, मोठ्याने बोलत चालायचं, उसाच्या कडेला वाकायचं किंवा बसायचं नाही. बसलेलं मूल त्या जनावराला भक्ष्याएवढंच दिसतं. कोणती पोरं एका वेळी निघणार, सोबत कोणतं मोठं माणूस असणार, हे वस्तीवर शाळा उघडायच्या आत ठरवा.

पश्चिमेकडे प्रश्न पावसाचा. ३० जुलै २०१४ला दरड कोसळून माळीण गाव गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. शाळेची इमारत तेवढी उभी राहिली. त्यानंतर त्या खोऱ्यात पावसाचा जोर वाढला की आई पोराला पाठवताना दहादा विचार करते, आणि तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. ओढ्याला पाणी असेल तर पोराला घरी ठेवा. गुरुजींचा नंबर मात्र घरात लिहून ठेवा आणि तसं कळवा.

७. आश्रमशाळेत पोचवताना खोटं बोलू नका.

गोहे, असाणे अशा ठिकाणच्या शासकीय आश्रमशाळांत पोरं पेटी घेऊन येतात. "बाजारातून येतो" म्हणून बाप निघून जातो आणि पोर संध्याकाळपर्यंत फाटकाकडे बघत बसतं. पुढे त्याला कुणाचंच खरं वाटत नाही. 'पोळ्याला न्यायला येईन' असं सांगा, आणि पोळ्याला या. पेटीत घरचं एखादं जुनं पांघरूण ठेवा.

८. खरेदी.

पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात, ती दुकानात शोधू नका. शिवलेला गणवेश असेल तर खालची शिलाई दोन बोटं सोडून ठेवा. बूट पावसाळ्यात कुजतात, साध्या प्लॅस्टिकच्या सँडल बऱ्या. दप्तराच्या आत खताच्या गोणीतला जाड प्लॅस्टिकचा कागद धुऊन घाला. वह्यांसाठी पहिला आठवडा थांबा, कोणत्या विषयाला कोणती ते आम्हीच सांगतो. छत्री मात्र आधी घ्या.